टायगरच्या जाहिरातींतून प्रतिस्पर्धी कुठे गेले?

गोल्फमध्ये प्रतिस्पर्धी अंगावर येत नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजासमोर गोलंदाज असतो, टेनिसमध्ये जाळीपलीकडे कुणीतरी उभं असतं. गोल्फर मात्र चार दिवस आपलाच चेंडू मारत फिरतो आणि बाकीचे काय करताहेत ते त्याला फलकावर पाहून कळतं. त्यामुळे एखादा गोल्फर सगळ्यांना मागे टाकू लागला की जाहिरात करणाऱ्यांची पंचाईत होते. हा जिंकतोय ते दिसतंय, पण कुणाविरुद्ध? टायगर वूड्सच्या काळात या प्रश्नाची जी उत्तरं निघाली, त्यांत बाकीचे गोल्फर चित्रातून जवळजवळ बाहेरच गेले. हे त्यांच्यावर अन्याय करणारं होतं, आणि खेळावरही.

त्याआधीची रीत वेगळी होती. १९६०च्या सुमारास क्लीव्हलंडचा वकील मार्क मॅकॉर्मॅक याने गोल्फर अर्नोल्ड पामरचं व्यवहाराचं काम हाती घेतलं. पाठोपाठ गॅरी प्लेअर आणि जॅक निकलसही त्याच्याकडेच आले. एकमेकांना हरवायला निघालेले तिघे, आणि तिघांचे करार करणारा माणूस एकच! मॅकॉर्मॅकने ओळखलं की या तिघांपेक्षा त्यांची चढाओढ जास्त विकली जाईल. ‘बिग थ्री’ हे नाव रूढ झालं, टीव्हीसाठी तिघांचे खास सामने रंगले. १९६२च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला, म्हणजे पामरच्या घराजवळच, २२ वर्षांच्या निकलसने त्याला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, हरवलं. प्रेक्षकांनी निकलसच्या जाडेपणावरून त्याला नको नको ते ऐकवलं. पुढे तोच निकलस ‘गोल्डन बेअर’, म्हणजे सोनेरी अस्वल, झाला आणि त्या नावाने त्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. पामरचं मोल निकलसमुळे वाढलं, निकलसचं पामरमुळे. बाजारालाही दोघे हवे होते.

ऑगस्ट १९९६ मध्ये २० वर्षांचा टायगर व्यावसायिक झाला. नायकीने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम ४ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ‘हॅलो वर्ल्ड’ या पहिल्या जाहिरातीत कोणत्या वयात त्याने काय केलं हे एकेका ओळीत येतं, आणि मग तो सांगतो की अमेरिकेत अजूनही अशी मैदानं आहेत जिथे माझ्या कातडीच्या रंगामुळे मला खेळू दिलं जात नाही. यात प्रतिस्पर्धी आहे, पण तो गोल्फर नाही. तो म्हणजे बंद दरवाजे. अमेरिकेच्या पीजीए या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारं कलम १९६१ पर्यंत होतं. मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला तो १९९० मध्ये. जाहिरातीवर टीका झाली. माझ्या मते मात्र टायगरच्या सगळ्या जाहिरातींत हीच सर्वांत खरी, कारण तो कुणाशी लढतोय हे तिने थेट सांगितलं.

तो सूर फार टिकला नाही. १९९७ची मास्टर्स त्याने १२ स्ट्रोकनी, म्हणजे दुसऱ्यापेक्षा १२ फटके कमी घेऊन, जिंकली आणि जाहिरातींची दिशा बदलली. १९९९ची चेंडू उडवण्याची जाहिरात पाहा. चित्रीकरणाच्या फावल्या वेळात टायगर वेज या गोल्फच्या काठीच्या पात्यावर चेंडू उडवत बसला होता. ते पाहून दिग्दर्शक डग लायमनने तेवढंच चित्रित केलं. चेंडू टप टप उडतोय, कधी पायांमधून, कधी पाठीमागून. शेवटी तो चेंडू वर उडवतो आणि हवेतच असताना बेसबॉलसारखा दूर टोलवतो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत. त्यात होल नाही, स्कोअर नाही, दुसरा खेळाडू तर नाहीच. पाहायला आजही मजा येते. पण गोल्फ ही स्पर्धा आहे याची आठवणसुद्धा त्यात उरलेली नाही.

टीव्हीवाल्यांना प्रतिस्पर्धी हवाच होता. ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांनी टायगर आणि डेव्हिड ड्युव्हल यांचा सामना सोमवारी संध्याकाळी, भर प्रेक्षकसंख्येच्या वेळेत लावला. टायगर जिंकला. पुढच्या वर्षी सर्जिओ गार्सियाला पुढे केलं, तर गार्सियाच एका होलने जिंकला. पण त्याच २००० साली यूएस ओपनमध्ये टायगर १५ स्ट्रोकनी जिंकला होता. एवढ्या अंतरापुढे जोडी जमवणं अवघडच.

यामागे व्यवहाराचंही कारण होतं. आता प्रत्येक खेळाडू वेगळ्या कंपनीशी बांधलेला होता. नायकीच्या जाहिरातीत टायटलिस्ट या दुसऱ्या गोल्फ कंपनीची टोपी कशी दिसणार? २००३ मध्ये तेव्हा टायटलिस्टकडे असलेला फिल मिकलसन एका मासिकाशी बोलताना म्हणाला की टायगरची उपकरणं दुय्यम दर्जाची आहेत, आणि तशा उपकरणांवर मात करण्याइतका चांगला खेळाडू तोच एक आहे. मोठा गदारोळ झाला. मला या वाक्यात टायगरची दिलखुलास स्तुतीही दिसते, पण कंपन्यांच्या भांडणात ती कुणाला ऐकू गेली नाही.

२००५च्या मास्टर्सचा शेवटचा दिवस तर मुळातून पाहावा असा आहे. सोळाव्या होलला टायगरने चिप, म्हणजे जवळून उचलून टाकायचा छोटा फटका, मारली. चेंडू उतारावर थांबल्यासारखा झाला, मग वळून सावकाश खाली घरंगळत आला आणि होलच्या कडेवर अडला. नायकीची खूण कॅमेऱ्याकडे होती. दोनेक सेकंद तसाच राहून चेंडू आत पडला. एवढी आयती जाहिरात मिळाल्यावर कंपनी ती कशी सोडेल? तिने या फटक्याचीच जाहिरात केली. पण त्या दिवशी पुढे काय झालं? टायगरने सतरावा आणि अठरावा असे दोन्ही होल ठरलेल्यापेक्षा एकेक स्ट्रोक जास्त घेऊन संपवले. क्रिस डिमार्कोने ६८ स्ट्रोकमध्ये फेरी संपवत त्याला गाठलं आणि निकाल प्लेऑफवर गेला. टायगर जिंकला. डिमार्कोने शेवटच्या फेरीत त्याच्यापेक्षा तीन स्ट्रोक कमी घेतले होते, तो हरला कुठे असेल तर त्या एका जादा होलवर. जगाच्या लक्षात मात्र कडेवर अडलेला चेंडू राहिला. त्या चेंडूइतकीच डिमार्कोची जिद्दही दाखवण्याजोगी होती.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये टायगर परतला तेव्हा नायकीने इतर गोल्फरना अखेर पडद्यावर आणलं, तेही आपल्याशी करार असलेल्यांना. टायगर नसल्यामुळे लॉकर रूममध्ये सगळे खुशीत बागडताहेत, तेवढ्यात तो दारातून आत येतो आणि साऱ्यांचा उत्साह मावळतो. पडद्यावर यायला मिळालं ते घाबरण्यासाठी. टायगरच्या धाकाची चर्चा संशोधनातही होती. तो मैदानात असला की इतरांचा खेळ किंचित घसरतो, असं अर्थशास्त्रज्ञ जेनिफर ब्राउन यांनी आकडेवारीवरून मांडलं, आणि इतर अभ्यासकांनी ते खोडूनही काढलं. त्याच ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगरला मागे टाकलं. मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादीत, शेवटच्या फेरीआधी आघाडीवर असून टायगर हरला, असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं.

मग वर्षअखेरीला टायगरचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आलं, ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीने त्याची साथ सोडली. एप्रिल २०१०च्या नायकीच्या कृष्णधवल जाहिरातीत टायगर नुसता कॅमेऱ्याकडे पाहतो आणि त्याच्या दिवंगत वडिलांचा आवाज त्याला प्रश्न विचारतो. आता त्याचा प्रतिस्पर्धी तो स्वतःच होता. मेलेल्या बापाचा आवाज माल विकायला वापरावा, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

२०१३ मध्ये नायकीने रोरी मॅकिलरॉयला करारबद्ध केलं आणि प्रतिस्पर्ध्याला पहिल्यांदाच बरोबरीची जागा मिळाली. एका जाहिरातीत दोघे एकमेकांना चिडवत दूरवरच्या पेल्यांत चेंडू टाकतात. २०१५च्या जाहिरातीत लहानगा रोरी टीव्हीवर टायगरला बघत मोठा होतो आणि शेवटी त्याच्यासोबत खेळतो. गोड आहे ती. पण रोरीला जागा मिळाली ती वारसदार म्हणून, आणि टोपी एकाच कंपनीची झाल्यावर. पुढच्याच वर्षी नायकीने गोल्फची उपकरणं बनवणं थांबवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये टायगरशी असलेलं २७ वर्षांचं नातंही संपलं.

आता दबदबा स्कॉटी शेफलरचा आहे. जुलै २०२५ मध्ये त्याने पोर्ट्रशला ओपन चॅम्पियनशिप चार स्ट्रोकनी जिंकली. त्याच आठवड्यात पत्रकारांशी बोलताना तो म्हणाला होता की जिंकण्याने आयुष्य भरून पावत नाही. नायकीने तो धागा पकडून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, त्याचा आणि त्याच्या लहानग्या मुलाचा फोटो वापरला: तू आधीच जिंकला आहेस. वूड्सच्या जाहिरातींतला धाक यात नाही, आणि मला हे जास्त आवडतं. इतर गोल्फर इथेही नाहीत. त्या ओपनमध्ये दुसरा आला हॅरिस इंग्लिश. दोन महिन्यांपूर्वीच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्येही शेफलरमागे संयुक्त दुसऱ्या स्थानावर तोच होता.