रिसेल फ्लॅटचा भाव: नाशिकमध्ये विकणारा आणि घेणारा एका आकड्यावर का येत नाहीत

इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या नाहीतर म्हसरूळ, दहा-पंधरा वर्षं जुन्या टू बीएचकेचं बोलणं सगळीकडे सारखंच अडतं. समजा शेजारच्या नव्या स्कीममध्ये फुटाला साडेसहा हजारचा रेट निघालाय. विकणारा म्हणतो माझा हजार फुटाचा फ्लॅट आहे, ६५ लाख झाले, त्यात फर्निचर धरलेलं नाही. घेणारा ४५ च्या वर सरकत नाही. एजंट दोघांनाही "तुम्ही एकदा बसा तर खरं" म्हणत राहतो. यात हाव असतेच, नाही असं नाही, पण बऱ्याचदा दोघंही आपापल्या हिशोबानं बरोबर असतात, कारण तो फ्लॅट बिल्डरनं पहिल्यांदा विकला तेव्हाचं गणित वेगळं होतं आणि आत्ताचं वेगळं आहे.

फार मागे जायची गरज नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात नाशिकही होतं, त्यामुळे मोकळ्या जमिनी बरीच वर्षं अडकून होत्या, तो कायदा महाराष्ट्रात २००७ च्या शेवटी गेला. त्याआधी २००३-०४ चा सिंहस्थ झालेला, मग मुंबई हायवे चौपदरी व्हायला लागला, आणि मुंबई-ठाण्याच्या लोकांना वीकेंडचं घर म्हणून नाशिक दिसायला लागलं. गंगापूर रोडला इन्व्हेस्टर आले, दोन-दोन फ्लॅट बुक करून ठेवले. शहरातला हायवेचा उड्डाणपूल २०१३ च्या सुमारास सुरू झाला तोपर्यंत रेट फक्त वरच जातो अशी सगळ्यांची समजूत झालेली. आज विकायला बसलेले बरेच जण त्याच काळात घेतलेले आहेत, आणि त्यांच्या डोक्यात तेव्हाचा भाव अधिक भरलेलं व्याज अशी बेरीज पक्की बसलीये. पुढची पाच-सहा वर्षं भाव जवळपास जागच्या जागी होते हे त्यांना ऐकायचं नसतं.

आता त्या हजार फुटाचं बघू. तेव्हा फ्लॅट सेलेबलवर विकायचे, म्हणजे जिना, लॉबी, पॅसेज, भिंती सगळं ३५-४० टक्के लोडिंग म्हणून चढवायचं. कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आत वापरता येते तेवढ्याच जागेवर विका असा बदल महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट कायद्यात २००८ लाच झाला होता पण पाळतंय कोण, रेट तोंडी सेलेबलचाच चालायचा. मे २०१७ ला रेरा हा घरखरेदीचा नवा कायदा लागू झाल्यावर मात्र कागदावर कार्पेटच लिहावं लागायला लागलं. मग ४० टक्के लोडिंगचा हजार फूट म्हणजे कार्पेट साधारण ७१४ फूट. विकणारा जुना सेलेबल एरिया आणि नवा कार्पेटचा रेट यांचा गुणाकार करतो, ६५ लाख. घेणारा तोच रेट ७१४ ला लावतो, ४६ लाख ४१ हजार. साडेअठरा लाखांचा फरक इथंच पडला, अजून लिफ्ट आहे का आणि पार्किंग कुठलं हे बोलणं सुरूसुद्धा झालं नाही.

आणि मग येतं कपाट. बाहेरगावच्या माणसाला हे समजावताना दमछाक होते. जुन्या नियमात भिंतीच्या बाहेर काढलेल्या कपाटाची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, धरत नसत. बिल्डरांनी काय केलं, मंजूर नकाशात भिंत आणि तिच्या बाहेर कपाट दाखवायचं, बांधताना ती भिंत घालायचीच नाही, दोन फूट खोली मोठी, आणि ती जागा सेलेबलमध्ये धरून विकायची. दहा फुटाची बेडरूम बारा फुटाची झाली की गिऱ्हाईक खूश. आजही अशा फ्लॅटमध्ये गेलात तर खिडकीपासून दोन फुटांवर छताला बीम आडवा आलेला दिसतो, जिथं भिंत असायला हवी होती बरोबर तिथं, आणि हुशार घेणारा टेप काढायच्या आधी वरच बघतो.

हे वर्षानुवर्षं चाललं, कंप्लीशन म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचे पालिकेचे दाखलेही मिळत गेले. मग २०१४-१५ च्या सुमारास पालिकेत आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं सांगितलं की नकाशाप्रमाणे बांधलेलं नसेल तर कंप्लीशन देणार नाही, आणि हजारो इमारती अडकल्या. आता हा निर्णय बरोबर की चूक यावर नाशिकमध्ये अजूनही दोन तट आहेत. नियमाच्या बाजूनं बघितलं तर त्यात काही खोट नाही. पण ज्या यंत्रणेनं आदल्या वर्षीपर्यंत तशाच बिल्डिंगला दाखला दिला तिनंच एका दिवशी नाही म्हणायचं, आणि त्याचा भार पडला कोणावर, तर हप्ता सुरू झालेल्या माणसावर. बिल्डर पुढच्या साइटला गेला होता. पझेशन घेऊन लोक राहायला लागले, पण कंप्लीशन नाही म्हणून सरकारी बँक पुढच्या घेणाऱ्याला लोन देईना, सोसायटीची कागदपत्रं रखडली, काही ठिकाणी पाणीपट्टीपण वेगळ्या दरानं.

तोडगा काढायला पुढे बराच वेळ गेला. २०१७ ला शहराची नवी नियमावली आली, तिच्यात कपाटाचं वाढीव क्षेत्र टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन किंवा पालिकेला प्रीमियम भरून नियमित करायची वाट होती, पण ती नऊ मीटर रस्त्यावरच्या प्लॉटला, आणि अडकलेल्या कितीतरी बिल्डिंगा सहा आणि साडेसात मीटरच्या कॉलनी रस्त्यावर. म्हणून मग दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा सोडायची आणि सहा मीटरचा रस्ता कागदावर नऊचा करायचा असा मार्ग निघाला. पैसे भरून तडजोड करायची योजनापण आली, मुदतवाढी झाल्या, काहींनी भरले, काहींनी बिल्डर भरेल म्हणून वाट बघितली, तो कशाला भरतोय. डिसेंबर २०२० ला राज्यासाठी एकच नियमावली आली, त्यात बाल्कनी-कपाट सगळंच एफएसआयमध्ये धरायला लागले आणि कपाटाचा खेळ संपला.

पण भावात तो संपला नाही. एकाच गल्लीत, एकाच वर्षी बांधलेल्या दोन बिल्डिंगा, एकीला कंप्लीशन आहे, दुसरीला नाही, तरी दोन्हीकडचे मालक एकच आकडा सांगतात. घेणाऱ्यानं इथं पैसे कमी केले तर त्याला अडवणूक म्हणणं मला पटत नाही, त्याला लोनच मिळणार नसेल तर त्यानं करायचं काय.

तिसरी गाठ कागदावरच्या आकड्याची. आधी अर्धे-निम्मे पैसे रोख चालायचे, खरेदीखत रेडी रेकनरच्या, म्हणजे जागेच्या सरकारी दराच्या आसपास. २०१५ च्या जूनपासून घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आली, पुढच्या वर्षी नोटबंदी. ज्यानं २०११ ला ३० लाख देऊन कागदावर १८ लावले, तो आता सगळे पैसे चेकनं घेतो तेव्हा नफा १८ पासून मोजला जातो, म्हणून तो त्या टॅक्सचा बोजा भावात टाकतो. घेणारा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा काढतो, त्यात १८ दिसतात, आणि त्याला वाटतं हा माणूस लुटायला बसलाय. जुलै २०२४ मध्ये या नफ्यावरचा टॅक्स साडेबारा टक्क्यांवर आला आणि महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरायचा इंडेक्स गेला, आधी घेतलेल्यांना जुनी २० टक्क्यांची पद्धत निवडायची मुभा ठेवली, पण दोन्हीकडे सुरुवात त्या १८ पासूनच.

रेकनरचंही तेच. तो सरकारी शुल्कापुरता दर, पण रेकनरच्या फार खाली व्यवहार केला तर दोघांनाही टॅक्सचा त्रास, २०२० पासून दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाला सूट आहे. एप्रिल २०२५ ला नाशिक शहरातले दर ७ टक्क्यांच्या वर वाढले तेव्हा विकणाऱ्यांना ते सर्टिफिकेटच मिळाल्यासारखं झालं. जुन्या, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला मात्र तो दर बाजारात मिळेलच असं नाही.

बाकी अलीकडचं सगळ्यांना माहीत आहेच. २०२० च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं, मग जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांनी, तेव्हा पडून असलेले फ्लॅट निघाले. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवरच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी वाचून पाथर्डी-सातपूरकडच्या मालकांनी भाव चढवले, मेट्रोचा एक खांब उभा नाही पण चढलेला भाव कोणी उतरवला नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ ला खुला झाला, हा मुद्दा निदान खरा आहे. आणि आता २०२७ चा कुंभ. आडगाव, तपोवनाकडे विकायला काढलेले फ्लॅट परत काढून घेतायत लोक, कुंभानंतर बघू म्हणून, आणि घेणारेही तेच म्हणतायत, कुंभानंतर बघू.