छातीतली कळ आणि ट्रोपोनिनची रेघ

हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचा आजार, हा समज डॉक्टरांच्या दारातही सुटत नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांच्या 2014 ते 2018 मधल्या नोंदींचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. छातीत दुखतं म्हणून आलेल्या 18 ते 55 वयाच्या स्त्रियांना डॉक्टर भेटेपर्यंत पुरुषांपेक्षा सुमारे 11 मिनिटं जास्त थांबावं लागलं होतं. गौरेतर स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांपेक्षाही जास्त. आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढून वाचलेला असावा, असं तिथलीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

ही दिरंगाई किमान घड्याळात तरी दिसते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये होणारी चूक मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. कॅल्शियम आलं की ते आपली ठेवण बदलतं, मग अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे तंतू एकमेकांना धरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. रक्तपुरवठा तुटून पेशी मेली, की हेच ट्रोपोनिन रक्तात झिरपतं. पण आजच्या अतिसंवेदनशील चाचण्यांना ते निरोगी माणसातही किंचित सापडतं. मग किती म्हणजे जास्त? त्यासाठी बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासतात आणि 100 पैकी 99 जण ज्या आकड्याच्या आत येतात, तिथे रेघ मारतात.

आता ही 'निरोगी माणसं' कोण? स्त्रियांच्या हृदयाचं वस्तुमान सरासरीने कमी, त्यामुळे त्यांचं ट्रोपोनिनही कमी. ट्रोपोनिनचा 'आय' हा प्रकार मोजणाऱ्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांची रेघ लिटरला 34 नॅनोग्रॅमवर येते, स्त्रियांची 16 वर आणि दोघांची मिळून 26 वर. एखाद्या बाईचा आकडा 20 आला, तर स्त्रियांच्या रेघेने तो वाढलेला आहे, पण सामाईक रेघेने रिपोर्ट नॉर्मल.

एडिंबरामध्ये 2015 साली हे तपासलं गेलं. हार्ट अटॅकच्या संशयाने आलेल्यांपैकी जुन्या चाचणीने 11 टक्के स्त्रियांमध्ये त्याचं निदान होत होतं. अतिसंवेदनशील चाचणी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी रेघ वापरल्यावर ते 22 टक्क्यांवर गेलं. पुरुषांमध्ये 19 चे फक्त 21 झाले.

बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही, असे मेसेज फिरतात. ते खोटं आहे. मळमळ, धाप अशी जोडीची लक्षणं स्त्रियांत जास्त आढळतात, पण मुख्य तक्रार दोघांचीही छातीचीच असते. अमेरिकेतल्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर छातीच्या दुखण्याला 'अटिपिकल', म्हणजे नेहमीसारखं नसलेलं, म्हणणं बंद करायला सांगितलं.

पुढे स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात नव्या रेघेने आणखी स्त्रिया ओळखल्या गेल्या. तरी अँजिओप्लास्टी किंवा बायपास त्यांच्या वाट्याला पुरुषांच्या निम्म्यानेही आली नाही. अनेक स्त्रियांच्या धमन्यांत मोठा ब्लॉकेज नसतो, त्यामुळे यातला काही फरक समजण्यासारखा आहे. पण रक्ताची गुठळी रोखणाऱ्या साध्या गोळ्याही त्यांना पुरुषांपेक्षा कमीच लिहून दिल्या गेल्या.