डीलर मंडळी थायलंडलाच का जातात?

सिमेंट, पंप, रंग, बियाणं, धंदा कुठलाही असू द्या, टार्गेट पूर्ण झालं की कंपनी डीलरला बँकॉक-पट्टायाला नेणार हे इतकं अंगवळणी पडलंय की सांगली-जळगावच्या दुकानदारालाही त्याचं नवल राहिलं नाही. पट्टाया म्हटलं की लोक डोळे मिचकावतात ते जाऊ द्या, पण या ट्रिपा तिकडे वळल्या त्यामागे मौजमजेपेक्षा डॉलर, व्हिसा आणि हॉटेलच्या खोल्यांचा हिशोब जास्त आहे.

माल खपवणाऱ्याला बक्षीस म्हणून फिरवून आणायची रीत मूळची अमेरिकेतली. १९०६ च्या सुमारास ओहायोतल्या डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने आपल्या सेल्समनना हिरे जडवलेल्या पिना आणि हेड ऑफिसची फुकट सफर दिली, तिथून हे सुरू झालं असं मानतात. म्हणजे बक्षीस काय तर साहेबाचं ऑफिस बघायचं! आज असं देऊन बघा कुणाला.

आपल्याकडे डॉलरचीच बोंब होती. साठच्या दशकात परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म भरा, परवानगी मिळवा आणि खिशात मोजून आठ डॉलर घेऊन निघा, अशात शंभर डीलर विमानात घालून न्यायचं कुणाच्या डोक्यात येणार? आणि १९९१ मध्ये तर सरकारला सोनं गहाण ठेवायला लागलं, जुलैत जवळपास ४७ टन मुंबईहून विमानाने बाहेर गेलं.

त्याच वर्षी तिकडे बँकॉकमध्ये क्वीन सिरिकिट कन्व्हेन्शन सेंटर उघडलं, ते बांधलंच होतं जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या ऑक्टोबरमधल्या वार्षिक सभेसाठी. आपण ज्या नाणेनिधीकडे हात पसरत होतो त्याच्याच पाहुण्यांसाठी थायलंडने हॉल उभा केला आणि पुढे तो हॉल भाड्याने देत बसले, याला म्हणतात धंदा!

पट्टायाची कथा वेगळी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक तिथे सुट्टीला यायचे, जवळच उतापाओचा हवाई तळ. सैनिक सत्तरच्या दशकात परत गेले पण समुद्रकाठ, हॉटेलं आणि बार तिथेच, मग गिऱ्हाईक म्हणून टुरिस्ट आले आणि खोल्यांची संख्या वाढतच गेली. मोठ्या ग्रुपला हेच हवं असतं, सगळे एकाच हॉटेलात मावले पाहिजेत.

आपली गाडी रुळावर आली ती नव्वदीनंतर, परकीय चलनाचे नियम हळूहळू सैल झाल्यावर. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली (आता ती २,५०,००० आहे), आणि योगायोग म्हणजे थायलंडच्या सरकारी कन्व्हेन्शन ब्युरोचं कामही २००४ मध्येच सुरू झालं, परदेशी कंपन्यांच्या मीटिंगा आणि असे बक्षिसाचे ग्रुप आपल्या देशात ओढून आणायचे एवढ्यासाठीच तो काढलाय. मुंबईहून साडेचार तासांच्या आत बँकॉक, घड्याळात फक्त दीड तासाचा फरक, त्यामुळे दुकान चार दिवस बंद ठेवून जाऊन येता येतं, युरोपला हे जमत नाही.

खरी कसरत असायची ती एअरपोर्टवर. व्हिसा ऑन अरायव्हलच्या, म्हणजे तिथे उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसाच्या, लाइनीत अख्खा ग्रुप उभा, हातात फोटो, रोख २,००० बाट (थायलंडचं चलन) फी, वर माणशी १०,००० बाट जवळ असल्याचं दाखवायची तयारी, आणि एखादा डीलर हमखास फोटो चेक-इन बॅगेत टाकून आलेला. टूर मॅनेजर आपल्या ओळखीचा मराठी माणूस असला तरी बसमध्ये माइक थाई गाइडकडेच, कारण गाइडचं काम तिथल्या कायद्याने थाई नागरिकांसाठी राखीव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला तेव्हा ग्रुप नेणाऱ्यांची फी आणि ती लाइन दोन्ही सुटलं. आपल्या बाजूने मात्र परदेशी टूर पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस (पॅकेज विकतानाच गिऱ्हाइकाकडून वसूल होणारा कर) लागला, तो नंतर इन्कम टॅक्समध्ये वळता होतो खरा, पण पैसे आधी भरायचे असतात, आणि शंभर-दीडशे माणसांचा आकडा बघितला की अकाउंटवाले ट्रिप गोव्यालाच न्या म्हणून मागे लागतात.