प्रस्तरारोहण

प्रस्तरारोहण : खडकाच्या उभ्या भिंतीवर हातापायांच्या बळावर व शरीराचा तोल सांभाळत चढण्याचा साहसी क्रीडाप्रकार. दोर, पिटॉन (फटीत ठोकायची धातूची खुंटी), बोल्ट (खडकात भोक पाडून पक्का बसवलेला खिळा) ही साधने मुख्यतः पडणाऱ्याला सावरण्यासाठी असतात. साधनांवरच भार टाकून वर सरकले, की ते कृत्रिम आरोहण ठरते. खडक, हिम व बर्फ पार करून शिखर गाठण्याच्या आल्पीय गिर्यारोहणाचा हा एक भाग. तथापि गेले शतकभर तो स्वतंत्र क्रीडा म्हणूनही रूढ आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. इटालियन कवी पेत्रार्कने फ्रान्समधील माँ व्हाँतू पर्वत चढल्याचे एका पत्रात वर्णिले आहे. पत्रावर एप्रिल १३३६ ही तारीख असली, तरी ते १३५३ च्या सुमारास लिहिले असावे, असे काही संशोधक मानतात. त्यामुळे ते पत्र आरोहणाचा पुरावा म्हणून जपूनच वापरावे लागते. १४९२ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याच्या आज्ञेवरून आंत्वान द व्हिल शिड्या व दोर लावून माँ एग्वीय या पर्वतावर चढला. मात्र ती राजाज्ञा होती, छंद नव्हे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी झाक बाल्मा व मिशेल पाकार यांनी आल्प्समधील माँ ब्लाँ शिखर सर केले. पाकारचा वाटा त्या काळी लिहिल्या गेलेल्या वृत्तांतांमुळे दीर्घकाळ झाकोळला होता. आता तो बरोबरीचा मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

केवळ खडकासाठी खडक चढणे केव्हा सुरू झाले, हा वेगळा प्रश्न. इंग्रजी परंपरा १८८६ मध्ये हॅस्केट स्मिथने एकट्याने सर केलेल्या नेप्स नीडल या सुळक्याकडे बोट दाखवते. परंतु जर्मनीत एल्बे नदीकाठच्या सॅक्सनीतील वालुकाश्माच्या सुळक्यांवर १८६४ मध्ये व्यायामशाळेतील तरुण पोहोचले होते आणि १८७४ मध्ये तेथे कृत्रिम साधनांविना चढाई झाली होती. कालक्रम पाहता सॅक्सनीचा दावा अधिक भक्कम वाटतो.

साधनांचा वाद : या क्रीडेची आचारसंहिता प्रामुख्याने या वादातून घडली. पर्यावरणाचा विचार त्यात मागाहून आला. आरंभीचा प्रश्न खडकाशी सामना बरोबरीचा आहे की नाही, एवढाच होता. १९११ मध्ये ऑस्ट्रियन आरोहक पॉल प्रॉइस याने पिटॉन केवळ आणीबाणीत वापरावा आणि जे उतरता येईल तेच चढावे, असे मांडले. टीटा पियाझ प्रभृती आरोहकांनी त्याला विरोध केला. १९१३ मध्ये प्रॉइस एकट्याने चढताना पडून मरण पावला, तरी वाद मिटला नाही. सॅक्सनीत मात्र कडक नियम रुजले : मोजक्या पक्क्या कड्या सोडल्या तर धातूचे काही वापरायचे नाही, फटीत दोराच्या गाठी अडकवायच्या, ओल्या खडकाला हात लावायचा नाही. यातला शेवटचा नियम निव्वळ शिष्टाचार नाही. भिजलेला वालुकाश्म दुर्बल होतो आणि पकडी तुटून येतात.

अमेरिकेतील योसेमिटी दरीच्या ग्रॅनाइटवर उलट घडले. मऊ लोखंडी पिटॉन खडकातच सोडावे लागत. ते परत काढता यावेत म्हणून कठीण पोलादाचे पिटॉन आले आणि नुकसान वाढले. पुढचा आरोहक पिटॉन ठोकी, मागचा तो हातोड्याने दोन्ही बाजूंना हलवून उपटी. दर खेपेला फटीची कड थोडी ढासळे. काही वर्षांत केसाएवढ्या फटींत बोट जाईल अशी भोके पडली. (आज हाताने चढणारे त्याच भोकांत बोटे रोवतात, हा भाग निराळा.) ब्रिटनमध्ये फटीत अडकवायचे नट (हातोड्याविना बसवता-काढता येणारे धातूचे ठोकळे) १९५० च्या दशकापासून होतेच. १९६७ मध्ये रॉयल व लिझ रॉबिन्स यांनी योसेमिटीतील एक नवा मार्ग केवळ नटांवर पूर्ण केला. १९७२ मध्ये ईव्हाँ श्विनार्ड व टॉम फ्रॉस्ट यांनी पिटॉनच्याच विक्रीवर उभ्या असलेल्या आपल्या व्यवसायाच्या सूचिपत्रात नटांचा पुरस्कार केला. फटीत बसवायचे, स्प्रिंगवर उघडमीट करणारे ‘फ्रेंड’ हे साधन १९७८ मध्ये बाजारात आले.

बोल्टचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियातील सेरो टोरे या शिखरावर इटालियन आरोहक चेझारे मायेस्त्रीने १९७० मध्ये कॉम्प्रेसरने भोके पाडून शेकडो बोल्ट बसवले. २०१२ मध्ये दोन तरुण आरोहकांनी त्यांतील शंभरावर बोल्ट काढून टाकले. इतिहास पुसण्याचा हक्क त्यांना कोणी दिला, यावर कडवी चर्चा झाली.

समुदाय व निसर्ग : गिर्यारोहण संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३२ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे स्थापन झाला. २०१९ मध्ये युनेस्कोने आल्पीय गिर्यारोहणाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पुढे असणाऱ्याचा दोर मागचा सांभाळतो. साथीदारावरील या भरवशातूनच बहुतेक अलिखित नियम आले आहेत.

कडा ओसाड दिसला तरी निर्जीव नसतो. बहिरी ससाण्याच्या विणीच्या काळात अनेक कडे दरवर्षी बंद ठेवतात. कॅनडातील नायगरा कड्यावर खुरटलेले थुजा वृक्ष हजार वर्षांहून जुने असल्याचे आढळले आहे. असे झाड अँकरसाठी (दोर बांधण्याचा आधार म्हणून) वापरले, तर दोराच्या घर्षणाने साल जाते. अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर हा खडक अनेक आदिवासी जमातींना पवित्र असल्याने १९९५ पासून जून महिन्यात तेथे न चढण्याचे आवाहन केले जाते. त्याला सक्ती नाही. बहुतेक जण ते पाळतात.

समुद्रकाठच्या चुनखडीवर क्षारांमुळे स्टेनलेस स्टीलचे बोल्टही आतून तडकतात व वरून शाबूत दिसतात. थायलंडच्या किनाऱ्यावर म्हणूनच ते काढून टायटॅनियमचे बोल्ट रेझिनमध्ये (घट्ट चिकटणाऱ्या रसायनात) बसवण्यात आले. हे काम बव्हंशी स्वयंसेवक करतात.