इतिहास (बी. ए. पदवी)

कला शाखेतील पदवीचा एक विषय. महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांत तो बी. ए.ला मुख्य विषय म्हणून घेता येतो. मुदत तीन वर्षांची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते. प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक भारत, मराठ्यांचा इतिहास, विसाव्या शतकातील जग आणि इतिहासलेखनशास्त्र असा सर्वसाधारण अभ्यासक्रम असतो. त्यात काय घडले यावर भर असतो. ते कशावरून कळते हा प्रश्न बहुधा एखाद्या पेपरापुरताच येतो. त्यामुळे मूळ कागद एकदाही न हाताळता पदवी मिळवणारे विद्यार्थी पुष्कळ.

वास्तविक कागदांची वाण नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही हजारोंनी आहेत. त्यांतली लिपी मोडी. ओळीवर आधी सलग शिरोरेघ ओढायची आणि बोरूने त्याखाली अक्षरे काढत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचाही फारसा भेद नाही. कालगणनाही निराळी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन 1161. हे अंक अरबी आणि सुहूर सन ही या कागदांतली कालगणना. हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमारास, सुरू होते. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेसाठी 600 मिळवायचे. जानेवारी 1761 मधली पानिपतची लढाई याच सालातली. ही लिपी आणि हे गणित येणाऱ्या पदवीधराला दप्तरखान्यात लगेच कामाला बसता येते. न येणाऱ्याला छापील साधनांवरच भागवावे लागते.

मोडीचा व्यवहारातला उपयोग लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. जमिनीचे जुने दस्त, वतनाचे कागद, वंशावळी हे सारे न्यायालयात किंवा जात पडताळणीसाठी लागते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम गरज भासली. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवते. फारसी येणारे त्याहूनही विरळ. गोव्याच्या पुराभिलेखागारात काम करायचे तर पोर्तुगीज हवीच.

नुसत्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या म्हणजे कोणत्याही पदवीधराला खुल्या असलेल्या. विषयातली नोकरी हवी असेल तर पदवीला काहीतरी जोडावे लागते. शाळेसाठी बी. एड. लागते. महाविद्यालयासाठी एम. ए. आणि त्यावर नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा. इथे इच्छुकांना स्पष्ट सांगायला हवे: अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा निघतात कमी, आणि सेट उत्तीर्ण झालेली मंडळीही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवत राहतात.

स्पर्धा परीक्षांसाठी हा विषय घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेतल्यास प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर असतात. पहिल्यात नकाशावरची स्थळे ओळखावी लागतात. सामान्य अध्ययनातही इतिहास येतोच, म्हणून तीन वर्षांचा अभ्यास वाया जात नाही. मात्र निवडीची शक्यता लक्षात घेता दुसरी वाट हाताशी ठेवणे शहाणपणाचे. कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ही त्यांतली एक रुळलेली वाट. पत्रकारिता ही दुसरी.

पुरातत्त्वाकडे वळणाऱ्यांसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यामुळे ते नावारूपाला आले, आणि घोड नदीकाठच्या इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन गाव तिथल्याच संशोधकांनी उकरून काढले. उत्खननावर उन्हातान्हात महिनोन्‌महिने तंबूत राहावे लागते, हे प्रवेश घेण्यापूर्वी जाणून घ्यावे. वस्तुसंग्रहालयाच्या कामासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे.

पर्यटनातले काम हंगामी असले तरी वाढते आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यांतले 11 महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. गडावर ऐकीव गोष्टी सांगणारे आधीपासूनच आहेत; कोणती गोष्ट कोणत्या बखरीतली आणि तिला समकालीन पत्राचा आधार आहे की नाही, हे सांगू शकणारा वाटाड्या मात्र सहसा सापडत नाही.