पायलट व्हायचंय? आधी मेडिकल, मग फी

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुटू लागली. तेव्हापासून उलवे, कामोठे, खारघरच्या घराघरांत बारावीची पोरं एकच प्रश्न विचारताहेत: पायलट व्हायला अर्ज कुठे करायचा? खरं तर अर्ज एक नसतो, पाच-सहा असतात, आणि बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आमच्या कॉलनीतल्या एका कुटुंबाने फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता भरला आणि नंतर मुलाची तपासणी केली. रंग ओळखण्यात दोष निघाला. हप्ता परत मिळवायला वर्ष गेलं.

म्हणून पहिलं काम मेडिकलचं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संचालनालयाच्या, ईजीसीए पोर्टलवर खातं उघडायचं आणि डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडे क्लास टू तपासणी करून घ्यायची. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे असं सगळं बघतात. चष्मा असला तरी चालतो, फक्त चष्म्यासह नजर पूर्ण यायला हवी. क्लास टूनंतर फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास वन. ही तपासणी हवाई दलाच्या किंवा मान्यताप्राप्त ठरावीक केंद्रांवरच होते आणि तारीख मिळायला वेळ लागतो. व्यावसायिक परवान्याला क्लास वनच लागतो. ‘टेम्पररी अनफिट’ शेरा आला तर हाय खायची नाही. उपचार घेऊन पुन्हा तपासणी करता येते. जुने आजार, ऑपरेशन मात्र लपवायचे नाहीत.

पात्रता थोडक्यात अशी. स्टुडंट पायलट लायसन्सला वय १६ आणि दहावी पास. कमर्शिअल पायलट लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, वय १८ आणि बारावीला फिजिक्स व गणित. कॉमर्स-आर्ट्सवाले हे दोन विषय एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, देतात. ही अट काढण्याचा विचार २०२५ मध्ये सुरू झाला होता, तेव्हा अर्जाआधी डीजीसीएच्या साइटवर चालू नियम बघा.

लेखी परीक्षांसाठी आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएचा परीक्षार्थी क्रमांक, काढावा लागतो. दहावी-बारावीच्या मार्कशीट, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही आणि मार्कशीट खऱ्या असल्याचं बोर्डाचं पडताळणी पत्र एवढं जवळ ठेवा. पत्रासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. ठाणे-रायगडच्या मुलांचं मुंबई विभागीय मंडळ वाशीतच आहे. घोळ होतो तो नावाचा. राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. हे आधी जुळवून घ्या, नाहीतर प्रत्येक टप्प्यावर तोच खुलासा लिहीत बसाल. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल पेपरना किमान ७० टक्के लागतात. अर्ज ‘परीक्षा’ पोर्टलवर.

आता खरी मेख, आरटीआर. विमानातून रेडिओवर बोलण्याची ही परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ती डीजीसीएकडे आली. इथे नुसतं लिहून भागत नाही, बोलून दाखवावं लागतं. मराठी माध्यमाची मुलं इथेच कच खातात आणि कारण नसताना खातात. उच्चार इंग्रजांसारखे कुणालाच नको असतात. इंग्रजी बोलण्याच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या सहा पातळ्यांपैकी चौथी पुरते, पण तिची चाचणी दर ३ वर्षांनी द्यावी लागते. सहावी मिळाली की पुन्हा चाचणी नाही.

अडचण इंग्रजीपेक्षा आपल्या सवयीची आहे. समजलं नाही तरी ‘हो हो, कळलं’ म्हणून मान डोलवायची. रेडिओवर मान दिसत नाही. विमानतळावरच्या वाहतूक कंट्रोलरने सांगितलेली उंची, दिशा, धावपट्टीचा नंबर जसाच्या तसा परत म्हणायचा, त्याला रीडबॅक म्हणतात. कळलं नाही तर ‘से अगेन’, म्हणजे पुन्हा सांगा. नऊला ‘नाइनर’ आणि पाचला ‘फाइफ’ म्हणायचं तेही घोटाळा टाळायलाच. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, त्यात अर्धवट कळलेल्या संदेशांचा मोठा वाटा होता. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. आरटीआर पास झाल्यावर रेडिओ वापरायचा एफआरटीओएल परवाना मिळतो. तो सीपीएलच्या फाइलला जोडायचाच.

उड्डाणाचे तास एकूण २००. त्यातले १०० स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, म्हणून. शिवाय क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून लांबच्या दुसऱ्या ठिकाणी), इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून) आणि रात्रीचे तास. लॉगबुक, स्किल टेस्टचे अहवाल, चालू क्लास वन मेडिकल, परीक्षांचे निकाल आणि एफआरटीओएल ही सीपीएल अर्जाची मुख्य कागदपत्रं. बारामती, गोंदियाला प्रशिक्षण घेणाऱ्यांनी लॉगबुक त्या-त्या दिवशीच भरावं. दोन वर्षांनी आठवून भरलेले तास हिशेबात जुळत नाहीत.

आई-वडील विचारतात, नोकरीत झोप मिळते का? प्रश्न रास्त आहे. २२ मे २०१० ला मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीपलीकडे दरीत कोसळलं, १५८ जण गेले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता आणि उतरताना सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, म्हटलं तरी त्याने उतरणं थांबवलं नाही, असं चौकशीत आलं. एकाची झोप आणि दुसऱ्याचा न ऐकलेला शब्द. डीजीसीएच्या नव्या ड्यूटी नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्र बारा ते सहा धरली गेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली तेव्हा तिला काही नियमांतून तात्पुरती सूटही मिळाली. दमलेल्या वैमानिकाने कंपनीकडे फटिग रिपोर्ट, म्हणजे थकवा आल्याचं लेखी, करायची सोय आहे. नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या वैमानिकांना विचारा, तो रिपोर्ट दिल्यावर ड्यूटीचं रोस्टर बदलतं की दबावाचा फोन येतो.