मातृ वंदनेचा फॉर्म भरला पण पैसे आले नाहीत? आधी हे वाचा

गेली काही वर्षं आमच्या वस्तीतल्या बायकांचे फॉर्म भरायला मी आशाताईंसोबत बसते. फॉर्म रिजेक्ट झाला किंवा "पेंडिंग" दाखवतंय म्हणून जी ताई रडवेली होऊन येते ती जवळपास दरवेळी पात्र असते, हक्काचे पैसे असतात, फक्त नाव, तारीख किंवा बँक खातं यातलं काहीतरी जुळत नसतं. आणि हे तिला कोणी आधी सांगितलेलं नसतं. म्हणून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत, म्हणजे गरोदर आणि बाळंत बायकांना सरकारकडून पैसे मिळतात त्या योजनेत, नेमकं कुठे अडकतं ते इथे लिहून ठेवतेय, जिला गरज आहे तिला वाचून दाखवा.

आधी पैशाचं. पहिल्या बाळाला 5000 रुपये, दोन हप्त्यात. 3000 गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर, 2000 बाळाचा जन्म नोंदवून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000, एकाच वेळी, जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. दुसऱ्या वेळी जुळं झालं आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी 6000 मिळतात, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. अजूनही कोणी कोणी तीन हप्ते सांगतं, 1000, 2000, 2000 असे, ते जुनं झालं, 1 एप्रिल 2022 पासून नवीन नियम आहेत. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक गरोदर बाईला किमान 6000 रुपये, आणि पहिल्या बाळाला हातात येतात 5000. वरचे 1000 जननी सुरक्षा योजनेतून, म्हणजे बाळंतपणाच्या दुसऱ्या सरकारी मदतीतून, धरलेत म्हणे, पण ते आपल्या महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी एसटी बायकांनाच, त्यामुळे बाकीच्यांचा हिशोब कमीच राहतो. मला हे कधीच पटलेलं नाही.

आता पात्रता, कारण पहिली अडचण इथेच येते. वय किमान 18 वर्षं 7 महिने. बाई स्वतः केंद्र, राज्य किंवा सरकारी कंपनीत कायम नोकरीत नको, किंवा दुसऱ्या कायद्याखाली बाळंतपणाचा असाच लाभ घेत असलेली नको. बाकी कागदांची जी यादी आहे त्यातला कुठलाही एक चालतो. एकच. बायका सगळे गोळा करायला धावतात आणि त्यात दोन महिने घालवतात. एससी एसटीचा जातीचा दाखला, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, बीपीएल रेशनकार्ड, अन्न सुरक्षा यादीतलं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, किसान सन्मान निधी, किंवा कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा दाखला. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वतः गरोदर असतील तर त्यांनाही मिळतं.

वाचायला सोपं वाटतं. पण नवीन लग्न झालेल्या मुलीकडे यातलं काय असतं? माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केलेलं, सासरच्या कार्डात अजून चढवलेलं नाही, सासरे म्हणतात बघू नंतर. सासूच्या नावाचं कार्ड दाखवून काम होत नाही, त्यात हिचं नाव लागतं. जॉब कार्डाचं तेच. किसान सन्मान निधी नवऱ्याच्या नावाने येत असेल तर तो इथे उपयोगाचा नाही, बाई स्वतः लाभार्थी शेतकरी हवी. केशरी कार्ड असेल तरी त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का बघा, शिक्का नसलेलं केशरी कार्ड अन्न सुरक्षेत धरत नाहीत. अशा वेळी मी सरळ ई-श्रम कार्ड काढायला सांगते. घरकाम, शेतमजुरी, शिवणकाम, विडीकाम असं काहीही करत असेल आणि पीएफ, ईएसआय किंवा इन्कम टॅक्स भरत नसेल तर ते निघतं, मोबाईलवर सुद्धा, फक्त आधारला तिचा चालू नंबर जोडलेला पाहिजे. नाहीतर उत्पन्नाचा दाखला आहेच, पण त्याला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत फेऱ्या पडतात, पोटुशी बाईने त्या का माराव्यात जर दुसरा कागद चालत असेल तर.

नवऱ्याचं आधार कार्ड आता सक्तीचं नाही. हे ठळक सांगतेय कारण अजूनही काही ठिकाणी मागतात आणि सोडून दिलेल्या, विधवा, एकट्या बायका तिथूनच परत फिरतात. पूर्वी लागायचं, आता नाही. कोणी अडवलं तर आवाज न चढवता पण ठामपणे सांगा की नवीन नियमात ते नाही.

नावाचा घोळ. आधारवर माहेरचं नाव, माता बाल संरक्षण कार्डावर (तपासण्या आणि लसी लिहायचं सरकारी कार्ड) सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, कुठे मधलं नाव वडिलांचं कुठे नवऱ्याचं. फॉर्म भरताना आधारवर जसं आहे अगदी तसंच नाव टाकायचं, स्पेलिंगसकट. माहेरचं नाव असेल तर माहेरचंच. लग्नानंतरचं नाव करून मगच फॉर्म भरू असं म्हणून थांबू नका, सहाव्या महिन्यात आधार बदलायला गेलेली एक मुलगी मी पाहिलीये, आधार बदललं पण बँकेत जुनंच राहिलं, मग दोन्हीकडे जुळवता जुळवता बाळ रांगायला लागलं. नाव बदलायचंच असेल तर बाळंतपणानंतर, पैसे आल्यावर निवांत बदला.

त्यात आता नोंदणीच्या वेळी बाईचा चेहरा मोबाईलवर स्कॅन करून आधारशी पडताळतात. म्हणजे सासूबाई किंवा नवरा कागद घेऊन गेले की काम झालं असं राहिलेलं नाही, तिला स्वतः हजर राहावं लागतं. आणि आधार शाळेत असताना काढलेलं, 15 वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि फोटो अपडेट केलेलेच नाहीत, अशा मुलींचा चेहरा जुळत नाही. हे आधार केंद्रावर करून घ्या, मोबाईल नंबर पण त्याच फेरीत. दिवस गेलेत कळलं की पहिलं काम हे करा, पोट दिसायला लागल्यावर नाही.

तारखा. सगळ्यात जास्त गैरसमज इथे. पहिल्या बाळासाठी मुदत 570 दिवस आहे हे ऐकून लोक बाळाच्या जन्मापासून मोजतात आणि दीड वर्ष आहे म्हणून निवांत बसतात. ते 570 दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. त्यातले साधारण 280 तर बाळंत होईपर्यंतच संपतात, उरले 290. दुसरं बाळ मुलगी असेल तर 270 दिवस, ते मात्र जन्मतारखेपासून. दोन वेगळे आकडे, दोन वेगळ्या सुरुवाती, ज्याने नियम केला त्याने कधी एखाद्या थकलेल्या बाळंतिणीला हे समजावून बघावं. मी सगळ्यांना एकच सांगते, पहिलं असो वा दुसरं, बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या बरंच आधी सगळं झालेलं पाहिजे. आणि पहिल्या हप्त्यासाठी पाळी चुकल्यापासून नाही तर शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झालेली आणि कार्डावर लिहिलेली लागते. आपल्याकडे तीन महिने कोणाला सांगायचं नाही अशी पद्धत असते, ठीक आहे, शेजाऱ्यांना सांगू नका, पण आशाताईला सांगा. नोंदणी लवकर झाली की रक्त, बीपी पण लवकर तपासलं जातं, ते पैशापेक्षा मोठं काम आहे.

शेवटच्या पाळीची तारीख अंदाजे सांगू नका. दवाखान्यात एक, आशाताईच्या वहीत दुसरी, सोनोग्राफीवर तिसरी असं झालं की पोर्टलवर गडबड होते. आठवत नसेल तर कार्डावर सिस्टरने जी लिहिली तीच सगळीकडे सांगा.

खाजगी दवाखान्यात दाखवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. डॉक्टरची फाईल कितीही जाड असली तरी ती माता बाल संरक्षण कार्ड नाही. ते कार्ड उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात, सरकारी दवाखान्यात मिळतं आणि नोंदणी झाली की एक आरसीएच नंबर पडतो. तपासण्या खाजगीत करा, हरकत नाही, पण नोंदणी सरकारीत करून त्या तपासण्या कार्डावर चढवून घ्या. बाळाच्या लसींचं पण तसंच, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस बाळाच्या खाजगी डॉक्टरकडे दिले आणि नोंद त्यांच्याच छोट्या पुस्तकात राहिली तर दुसरा हप्ता अडकतो.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे तर ठरलेलंच, आणि हप्ता अडकायचं हेही मोठं कारण. नोंदणी सासरच्या गावात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, लसी माहेरी, सासरच्या आशाताईला पत्ताच नाही काय झालं. तर जाताना कार्ड सोबत न्या, माहेरच्या आशाताईला आरसीएच नंबर द्या, दर लसीनंतर कार्डाचा फोटो सासरच्या आशाताईला व्हॉट्सॲप करा. जन्माची नोंद मात्र जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, सासरी नाही. 21 दिवसांच्या आत फुकट होते, पुढे लेट फी, महिना उलटला की परवानगी, आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागतं. बारसं झाल्यावर नाव ठरवून मग दाखला काढू, हे करू नका. नाव न टाकता जन्म नोंदवता येतो, नाव नंतर चढवता येतं. नुसत्या नावासाठी थांबून दाखला उशिरा झालेले किती तरी बघितलेत.

आता बँक. फॉर्म मंजूर, पोर्टलवर पैसे गेलेले दिसतात, पासबुकात नाहीत. नव्वद वेळा सांगून झालंय तरी परत सांगते, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायच्या सोयीला, जोडलं गेलं असं नाही. केवायसी म्हणजे ओळखीचे कागद देणं वेगळं, आधार सीडिंग म्हणजे सरकारी पैशासाठी आधार नंबर खात्याला जोडणं वेगळं. सरकारी पैसे आधार नंबरवर येतात आणि सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार सीड केलं त्या खात्यात पडतात, तुम्ही फॉर्मवर कुठलं पासबुक लावलं याला महत्त्व नाही. कुठल्या तरी मेळाव्यात कोणीतरी झिरो बॅलन्स खातं उघडून दिलं, पोस्टात एक उघडलं, बचत गटासाठी एक, आणि पैसे त्यातल्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसलेले असतात. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, कुठली बँक जोडलीये ते दिसतं. त्याहून सोपं, लाडक्या बहिणीचे पैसे ज्या खात्यात येतात तेच बघा, हेही तिथेच येणार. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं लागतं, नवऱ्याचं नाही, आणि वर्षानुवर्षं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं असेल तर आधी चालू करून घ्या.

दुसऱ्या बाळंतपणाच्या बाबतीत एक चूक फार होते. पैसे जन्मानंतरच मिळतात ना, मग आधी कशाला जायचं, असं म्हणून गरोदरपणाची नोंदणीच करत नाहीत. ती नसेल तर मुलगी झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात नव्याने लाभार्थी म्हणून नोंद होते. या दुःखात कागदाचं कोणी बोलत नाही आणि पुढच्या वेळी "तुमचं आधीच झालंय" असं सांगून परत पाठवतात, म्हणून माहीत असू द्या.

अर्ज कसा करायचा ते एका ओळीत, आशाताई किंवा अंगणवाडी ताईकडे, किंवा मातृ वंदना पोर्टलवर स्वतः लॉगिन करून. कुठेही पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. पोर्टलवरचा अर्ज क्रमांक फोटो काढून ठेवा, तो नसला की चौकशीच करता येत नाही.

18 वर्षं 7 महिने पूर्ण नसलेल्या मुलींबद्दल. हे पैसे मिळत नाहीत, पण म्हणून तिला घरात लपवून ठेवू नका. दवाखान्यातली तपासणी आणि अंगणवाडीचा आहार याला ती अट नाही, आणि इतक्या लहान वयात तिलाच या दोन्हीची सगळ्यात जास्त गरज असते.

अंगणवाडीच्या आहाराला तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही, कोणीही गरोदर बाई, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतची आई, आणि सहा महिने ते सहा वर्षांची मुलं. आईसाठी दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं धरलीत, वर्षात 300 दिवस, आणि त्याचा सरकारी दर आहे दिवसाला साडेनऊ रुपये, त्यात काय येतं ते तुम्हीच बघा. तरी पण घ्या, आणि पाकीट घरभर वाटून टाकू नका, ते तिच्या नावाचं आहे. आदिवासी भागात असाल तर अमृत आहार योजनेत अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण पण आहे, ते विचारा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असाल तर निघायच्या आधी अंगणवाडी ताईला सांगा, पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) नाव तिकडच्या अंगणवाडीत हलवता येतं. न सांगता गेलात तर इकडे गैरहजर, तिकडे नाव नाही, आणि चार सहा महिने लेकराला काहीच नाही.

सगळं नीट असूनही महिनोन् महिने काही हललं नाही तर 14408 वर फोन करा, हा मातृ वंदनेचा टोल फ्री नंबर आहे. फोन करताना अर्ज क्रमांक आणि आधार जवळ ठेवा. तिकडून जे कारण सांगतील ते जसंच्या तसं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच आशाताईकडे जा, "काहीतरी एरर आहे म्हणाले" एवढ्यावर ती तरी काय करणार.